फळ्यावरची शेवटची खुंटी

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. जुन्या रुपयाहून जरा मोठा, गोल, वर एक भोक आणि पोटावर ठोकून कोरलेला आकडा : त्र्याहत्तर. तुमच्या आनंदीबाईंच्या टेबलावर, खडूच्या डब्याशेजारी मी पडलेला असतो. कागद उडू नयेत म्हणून बाईंनी मला ठेवलं आहे, असं तुम्ही समजता. परवा तर तुमच्यापैकी एकाने मला भोवऱ्यासारखं गरगर फिरवलं. मी रागावलो नाही. म्हणजे थोडा रागावलो होतो, पण आता राग गेला.

उद्या एक मे. तुम्ही बाईंना विचारलंत, "बाई, कल काहे की छुट्टी?" बाई तुमच्याशी मराठीत बोलतात आणि तुम्ही हिंदीत उत्तर देता, हे आता मला सवयीचं झालं आहे. बाई एवढंच म्हणाल्या, "कामगारांचा दिवस आहे," आणि त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. शेवटचं नाव झालं, शेवटचं 'हजर' झालं, तरी त्या रोजच्यासारख्या थांबल्या. पुस्तक उघडं, नजर दाराकडे. तुम्ही एकमेकांना कोपर मारून हसलात.

बाई का थांबतात, ते मला ठाऊक आहे. ती गोष्ट थोडी भीतीची आहे, पण दिवसाढवळ्याची आहे. तेव्हा घाबरायचंच असेल तर उजेडात घाबरा आणि ऐका.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कासाराने पितळेच्या पत्र्यातून आम्हा एकशे अठरा भावंडांना कापलं आणि आम्ही बसमध्ये बसून उकवा गावाकडे निघालो. रस्ता सोडून दोन मैल साल-सागाच्या जंगलात गेलं की एक लहानशी खाण लागायची. तिथे काळा जड दगड निघे. त्याला मँगनीज म्हणतात. तो हाताला लागला की काळेपणा दोन-दोन दिवस जात नाही. त्या खाणीचं नाव आता कोणी घेत नाही, म्हणून मीही घेत नाही.

खाणीच्या हजेरी ऑफिसात एक मोठा लाकडी फळा होता. त्यावर एकशे वीस खुंट्या. खाली उतरताना प्रत्येक माणसाने आपला बिल्ला खुंटीवरून काढून खिशात घालायचा आणि वर आल्यावर परत टांगायचा. ज्याची खुंटी रिकामी, तो माणूस जमिनीखाली. फळा भरला म्हणजे सगळे वर आले. नियम एवढा सोपा होता की त्याच्यावर सगळ्यांचा देवासारखा विश्वास होता.

फळ्याचा रखवालदार म्हणजे हजेरीबाबू भोजराज. माणसांपेक्षा त्याचा आमच्यावर जास्त जीव. रोज सकाळी धोतराच्या सोग्याने आम्हाला पुसायचा. म्हणायचा, "मानूस खोटं बोलंल, पन फळा खोटं बोलनार नाई." शेवटच्या दोन खुंट्यांना मालक नव्हता, त्या कायम रिकाम्या असत. भोजराजला त्या डोळ्यांत खुपायच्या. तोंडातले पडलेले दात खुपावेत तशा.

माझा माणूस डोमाजी. तो खालच्या पातळीवरचा पंप चालवायचा. खाणीत पाणी सतत झिरपतं, ते उपसलं नाही तर दुसऱ्या दिवशी माणसं बुडतील. म्हणून रविवारी सगळ्यांना सुट्टी असली तरी डोमाजी तासभर खाली जाऊन यायचाच. डोमाजी फार कमी बोलायचा. मला खुंटीवरून काढताना अंगठ्याने घासायचा आणि म्हणायचा, "चाल." परत टांगताना म्हणायचा, "आलो." आमचं सगळं बोलणं या दोन शब्दांत व्हायचं आणि मला ते पुरायचं. त्याची बायको रुख्माबाई वर दगड निवडायला होती. हातोडीने दगड फोडायचा, चांगला एका ढिगात, वाईट दुसऱ्या ढिगात. त्यांची मुलगी आनंदी तेव्हा आठ वर्षांची होती. हो, तीच.

पहिल्या पाळीचा भोंगा, दुसरीचा भोंगा, तिसरीचा भोंगा. आठ-आठ तासांनी तो ओरडायचा आणि माणसं बदलायची. सूर्य उगवल्यापासून बुडेपर्यंत राबायचे दिवस जाऊन आठ तासांचा कायदा आला होता. पण एक मेची सुट्टी आमच्या खाणीत मिळत नव्हती. टिकाराम नावाचा एक जण दगडाला यंत्राने भोकं पाडायचा. त्या यंत्राने त्याचे कान अर्धे गेले होते, म्हणून तो साधी गोष्टही ओरडून सांगायचा. तो युनियनचा पुढारी. तीन वर्षं त्याने अर्ज केले, सभा घेतल्या, शेवटी सहा दिवस काम बंद ठेवलं. एकोणीसशे एकसष्ट साली सुट्टी मिळाली.

त्या आनंदात सगळ्यांनी मोहाच्या झाडाखाली जमून एक शपथ घेतली. टिकाराम गरजला, "सुट्टी भेटली म्हनजे पुरी भेटली! त्या दिवसी एकबी बिल्ला खुंटीवरून निघनार नाई. भोंगाबी वाजनार नाई. आपला फळा भरेल दिसला पाह्यजे!"

सगळ्यांनी हात वर केले. पाण्याचं काय, असं कोणी विचारलं तेव्हा उत्तर आलं की आदल्या दिवशी दुप्पट उपसून ठेवू. डोमाजीनेही हात वर केला, पण त्याची नजर जमिनीकडे होती. अति तिथे माती म्हणतात, पण अति होतं तेव्हा ते कोणाला दिसत नाही.

एक मेचा दिवस उजाडला. फळा ऑफिसातून काढून व्हरांड्यात उभा केला होता. त्याला पिवळ्या कण्हेरीचा हार घातला होता. एकशे अठरा बिल्ले उन्हात चमकत होते. आम्ही सगळी भावंडं जन्मल्यापासून पहिल्यांदाच दिवसभर एकत्र राहणार होतो, कारण रविवारीही माझी जागा तासभर रिकामी असे.

पण मला बरं वाटत नव्हतं. भोंगा वाजला नाही. दगड फोडायच्या हातोड्या बंद. माणसांना उतरवणारा पाळणा वरच बांधलेला. पाळणा येण्याआधी माणसं ज्या तिरप्या भुयारातून चालत खाली जायची, तो जुना उतार तेवढा उघडा होता. आवाज नसला की खाण फार मोठी वाटते. दहाच्या सुमाराला ऊन असं पडलं होतं की झाडांच्या सावल्या आखडून बुंध्याशी बसल्या होत्या. त्या शांततेत डोमाजी व्हरांड्यात आला. खांद्यावर पंचा, हातात खाणीत न्यायचा कार्बाइडचा दिवा. त्याने अंगठ्याने मला घासलं.

"तुले ऐकू येऊन राह्यलं का?" तो हळूच म्हणाला. "खाली पानी वाढून राह्यलं. उद्या पहाटेची पाळी उतरंल तं गळ्यापरेंत पानी असंल." मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग तो म्हणाला, "जुन्या उतारानं जातो, पंप लावतो, घंट्याभरात येतो. तू इथंच राय. आज फळा भरेल दिसला पाह्यजे."

आणि तो माझ्याशिवाय गेला. मला 'चाल' न म्हणता गेला, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मित्रांनो, चूक तेवढीच होती. कोणाचा वाईट हेतू नव्हता. शपथ मोडू नये म्हणून बिल्ला ठेवला आणि सोबत्यांचा जीव जाऊ नये म्हणून माणूस गेला. खुंटी सांगत होती डोमाजी वर आहे, आणि डोमाजी जमिनीखाली अंधारात चालत होता. हे एकट्या मला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

अकराला सभा सुरू झाली. मोहाखाली सगळी वस्ती बसली. दगड निवडणाऱ्या बायका एका बाजूला बसल्या. त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी गोदाबाई. टिकाराम बोलायला उभा राहिला. ही सुट्टी कुठून आली, ते तुम्हीही त्याच्याच तोंडून ऐका.

"अमेरिकेत शिकागो नावाचं शहर हाय," तो ओरडला. "तिथले लोकबी आपल्यासारखेच. बारा घंटे, चौदा घंटे काम. अठराशे शहाऐंशी साली मे महिन्याच्या पयल्या तारखेले त्याइनं काम बंद केलं. मांगनं एकच. आठ घंटे काम, आठ घंटे आराम, आठ घंटे आपले! तीन दिवसानं चौकात सभा होती. कोनीतरी बॉम्ब फेकला. कोनं फेकला, थे आजवरी समजलं नाई. पोलिसाइनं गोळ्या चालवल्या. मंग पुढाऱ्याइले धरलं आन् चौघाइले फाशी देल्ली. पुढं देसोदेसीच्या कामगाराइनं ठरवलं, हा दिवस आपला. आपल्या देशात मद्रासले तेवीस साली पयल्यांदा पाळला. आन् आठ घंट्याच्या कायद्यासाठी आपल्या बाबासाहेबाइनं दिल्लीत जोर लावला, थे तं तुमाले मालूमच हाय."

खालच्या वस्तीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत रुख्माबाईचे हात नव्हते. ती उठून व्हरांड्याकडे आली होती.

"बाबूजी," ती भोजराजला म्हणाली, "आनंदीचे बाबा दिसले का? घंट्याभरात येतो म्हने. दोन घंटे होऊन राह्यले."

"असतीन इकडं तिकडं. आज सुट्टी हाय, बाई."

"दिवा घरी नाई त्याइचा."

"दिवा दुरुस्तीले नेला असंल." भोजराजने अभिमानाने फळ्याकडे बोट केलं. "हे पाहा त्र्याहत्तर नंबर. लटकेल हाय का नाई? फळा भरेल हाय. खाली कोनी नाई. खालीफुकट डरू नोका."

रुख्माबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत झाली होती. मी तिच्या डोळ्यांसमोर होतो आणि तिला काही सांगू शकत नव्हतो.

तिकडे टिकाराम म्हणत होता, "शिकागोत पोलिस किती मेले, त्याइची नावं लिहून हायेत. मजूर किती मेले, थे कोनी धड मोजलंच नाई!"

हे वाक्य संपलं आणि मी ओला झालो.

मे महिन्याचं ऊन, व्हरांड्याचं पत्र्याचं छत तापलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही. तरी माझ्या पोटावर, त्र्याहत्तरच्या आकड्यात, पाणी साचलं. गार पाणी, विहिरीच्या तळाचं असतं तसं. मी खुंटीवर हललो. बाकीची भावंडं स्थिर होती. मग कोणीतरी खालून ओढावं तसा मी खुंटीवरून निसटलो आणि फरशीवर पडलो. ठण्ण असा आवाज झाला.

"काय रे, आजच पडाचं होतं तुले?" भोजराज पुटपुटला. त्याने मला टांगलं आणि पुन्हा पडू नये म्हणून खुंटीचा खिळा चिमट्याने वर वाकवला. हात ओला झाला तो त्याने धोतराला पुसला. स्वतःचा घाम असेल असं त्याला वाटलं.

पण त्याच क्षणी फळ्याच्या अगदी शेवटच्या, बिनमालकाच्या खुंटीवरून आवाज आला. बिल्ल्यावर बिल्ला आपटावा तसा, बारीक. तिथे तर काहीच नव्हतं. रुख्माबाईनेही तो ऐकला. तिने मान वळवली आणि मी त्या वर वाकवलेल्या खिळ्यावरून दुसऱ्यांदा पडलो. या वेळी तिच्या पायाशी.

तिने मला उचललं. तिच्या तळहातावर काळं पाणी पसरलं.

"हा ओला काहून हाय?" तिचा आवाज चिरकला. गोदाबाई काठी टेकत जवळ आली. तिने मला नाकाशी धरलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"हा खालचा वास हाय, पोरी," ती म्हणाली. "जुन्या उताराचा. मी चवदा वर्साची होती तवा या वासात काम केलं हाय."

रुख्माबाई सरळ सभेत घुसली. "टिकारामभाऊ, भोंगा वाजवा! आनंदीचे बाबा खाली हायेत!"

टिकाराम गोंधळला. बिल्ला तर आत्तापर्यंत फळ्यावरच होता, भोजराज हात वर करून तेच सांगत होता. आणि भोंगा! पहिल्याच सुट्टीला भोंगा वाजवला तर ज्यांच्याशी भांडून ती मिळवली ते हसतील, शपथेचं काय होईल? एवढं सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो थांबला. पाणी मात्र खाली थांबलं नव्हतं.

रुख्माबाई कधी चारचौघांत बोललेली नव्हती. ती त्या दिवशी बोलली. "तुमच्या शिकागोत मानसं मोजली नाई म्हनून तुमी आता रडून राह्यलते. इथं तं मोजा! फळा नोका पाहू. नावं घ्या आन् मोजा!"

मग टिकारामनेच भोजराजच्या हातातलं रजिस्टर ओढलं आणि तो एकेक नाव घेऊ लागला. ज्याचं नाव तो 'हौ' म्हणत होता. हौ. हौ. हौ. बहात्तर वेळा हौ झालं.

"डोमाजी!"

उन्हात कोणी खोकलंसुद्धा नाही. टिकारामने पुन्हा हाक मारली. त्याच्या अर्ध्या बहिऱ्या कानांनाही ती शांतता ऐकू आली असावी, कारण त्याने रजिस्टर टाकून दिलं आणि तो भोंग्याकडे धावला.

मग एक मेला भोंगा वाजला. माणसं फळ्यावर तुटून पडली, ज्याने त्याने आपला बिल्ला ओढून घेतला. रुख्माबाईने मला टिकारामच्या हातात दिलं. "हा त्याइचा हाय. त्याइच्या हातात द्या," एवढंच ती म्हणाली. बायकांना खाली जायला कायद्याने मनाई होती. ती उताराच्या तोंडाशी बसून राहिली.

टिकारामच्या खिशातून मी सगळं पाहिलं. उतारावर दुसऱ्या वळणाला छप्पर कोसळलं होतं. कुजलेल्या लाकडी टेकूंवर दगडांचा ढीग पडला होता आणि पंपाची केबल त्याखाली तुटली होती. ढिगातल्या फटींतून पाणी येत होतं. माणसं ओळीने उभी राहिली. हातांनी दगड काढून टोपल्यांतून मागे देऊ लागली. वर भोंगा थांबून थांबून वाजत होता.

दोन तासांनी एक हात जाईल एवढी फट पडली आणि पलीकडून आवाज आला. डोमाजीचाच. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग हळूहळू लक्षात आलं की तो आमच्याशी बोलत नाहीये.

"नाई बाई," तो कोणाला तरी समजावत होता, "आज भोंगा नसते. आज सुट्टी हाय."

मग तो थांबला. पलीकडचं कोणी बोलत असलं की माणूस थांबतो तसा.

"मले काय मालूम तुले काहून नाई बोलावलं?" तो म्हणाला. पुन्हा थांबला. मग एकदम, "ऐक ऐक! वाजला. ऐकला का?"

ओळीतल्या माणसांचे हात जागच्या जागी थांबले. टिकारामचं काळीज माझ्यावर धडधडत होतं. तो मोठ्याने म्हणाला, "हात चालवा रे!" आणि हात पुन्हा चालू लागले.

डोमाजी भिंतीतल्या एका उंच खोबणीत बसलेला सापडला. पाणी त्या खोबणीच्या काठाला लागलं होतं. चार बोटं आणखी चढलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी खडूच्या डब्याशेजारी नसतो. टिकारामने मला त्याच्या मुठीत कोंबलं. डोमाजीने मला घासलं, पण 'आलो' म्हटलं नाही. तो म्हणाला, "पयले थ्या बाईले घ्या. मांगं बसली हाय."

दिवा आत धरला. मागे कोणी नव्हतं. फक्त कुजलेल्या बांबूच्या टोपल्याचा गोल काठ आणि भिंत. डोमाजीच्या मनगटावर पाच काळ्या बोटांच्या खुणा होत्या. खाणीत सगळ्यांचेच हात काळे असतात, पण ती बोटं फार बारीक होती.

वर आल्यावर रुख्माबाईने आधी त्याला पंचाने पुसलं, मग रागाने दोन चापट्या मारल्या, मग ती रडली. डोमाजीने पाणी पिऊन सांगितलं ते असं. दिवा विझला, पाणी छातीला आलं, तेव्हा अंधारात एका बाईने त्याचं मनगट धरलं. "इकडं सरक, इथं पानी येत नाई," असं म्हणून तिने त्याला खोबणीत ओढलं. मग ती सारखी एकच विचारत राहिली : "भोंगा झाला का? पाळी सुटली का?" आज सुट्टी आहे म्हटल्यावर म्हणाली, "सगळे घरी गेले, तं मले कोनी काहून नाई बोलावलं?"

गोदाबाई तिथेच खाली बसली.

"मैना," ती म्हणाली. "मैनाबाई. मी आन् थे संगंच टोपलं वाहत होतो, बायकाइले खाली जायची बंदी नव्हती तवा. एक दिवस संध्याकाळी थे वर नाई आली. मुकादम म्हने, पळाली असंल माहेरी. माहेरचे म्हने, आमच्याकडं आलीच नाई. तवा बिल्ले नव्हते. खुंटी नव्हती. कोन कोनाले इचारंल? मीबी दोनदा इचारलं आन् घरी गेली."

'मीबी घरी गेली' हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मला त्या म्हातारीची फार दया आली.

दुसऱ्या दिवसापासून भोजराज बदलला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. फळा पाहिल्यावरही तो प्रत्येकाला नावाने हाक मारू लागला आणि 'हौ' ऐकल्याशिवाय पान उलटेना. रुख्माबाई त्याला म्हणाली, "बाबूजी, थ्या बाईचा बिल्ला करा." त्याने वाद घातला नाही. घरातला पितळी लोटा कापून त्याने एक बिल्ला केला. नंबर नव्हता, म्हणून खिळ्याने नाव कोरलं : मैना. जुना उतार आता धोक्याचा म्हणून दगडांनी बुजवायचा होता. भिंत पुरी होण्याआधी डोमाजीने तो बिल्ला आत, जमेल तेवढा खोल नेऊन ठेवला. आणि फळ्यावरची शेवटची, एकशे विसावी खुंटी मैनाबाईची झाली.

ती खुंटी वर्षभर रिकामी राहिली. तपासणीला आलेल्या एका साहेबाने विचारलं, "ये कौन नीचे है?" भोजराज म्हणाला, "एक बाई है साहब. आनेवाली है." साहेबाला वाटलं बाबूचं डोकं फिरलं.

पुढचा एक मे आला. सकाळी डोमाजीने सगळ्यांसमोर मला उचललं, "चाल" म्हणाला, तासभर पंप चालवून आला, "आलो" म्हणाला. माझी खुंटी तासभर रिकामी होती, तेवढ्याने सुट्टी काही बाटली नाही. मग सभा झाली, टिकारामने शिकागोची गोष्ट सांगितली, आणि नंतर नावं वाचली. एकशे अठरा वेळा हौ झालं.

मग सगळे उठून बुजवलेल्या उताराकडे गेले. भर दुपार होती. टिकारामने ठरवल्याप्रमाणे भोंगा एकदाच, लांब वाजला. रुख्माबाईने भिंतीवर तळहात ठेवला आणि हाक मारली, "मैनाबाई, भोंगा झाला. पाळी सुटली. चला घरी."

काही झालं नाही. दगड दगडच राहिले. माणसं बराच वेळ उभी होती. गोदाबाई हुंदके देत म्हणाली, "नाई आली. रागावली हाय माह्यावर."

मित्रांनो, त्या वेळी सगळ्यांची पाठ फळ्याकडे होती. व्हरांड्यात आम्ही बिल्लेच होतो. म्हणून जे झालं ते आम्हीच पाहिलं, असं तेव्हा मला वाटलं.

आधी व्हरांड्याच्या तापलेल्या फरशीवर एक ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. पावलं लहान होती. ती फळ्यासमोरून हळूहळू गेली. ज्याने कधी फळा पाहिला नाही तो आपली जागा शोधत जाईल तशी. माझ्यासमोर ती क्षणभर थांबली. मला तोच गार खालचा वास आला. मी भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू. मग पावलं पुढे गेली, शेवटच्या खुंटीपाशी. ठण्ण.

लोक परतले तेव्हा फरशी वाळली होती. भोजराज फळा आत न्यायला आला आणि तसाच उभा राहिला. एकशे विसाव्या खुंटीवर बिल्ला लटकत होता. त्यातून काळं पाणी ठिबकत होतं. भोजराजने तो पुसला नाही. मोठ्याने एवढंच म्हणाला, "गोदाबाई, आली वो."

त्यानंतर मी कधी आपोआप ओला झालो नाही. गोदाबाई दोन वर्षांनी गेली, तेव्हा मैनाचा बिल्ला तिच्या हातात ठेवून तिला निरोप दिला. खाण पुढे बंद पडली. फळ्याचं लाकूड कोणाच्या चुलीत गेलं, भावंडं भंगारात गेली. डोमाजीने मला मागून घेतलं. कित्येक वर्षं मी पत्र्याच्या पेटीत सुपाऱ्यांबरोबर पडून होतो, कोणी विचारत नव्हतं. मग आनंदी मास्तरीण झाली आणि मला इथे घेऊन आली.

उद्या सुट्टी आहे. खूप खेळा, आंबे खा. पण एवढं करा. ही सुट्टी कोणी कमावली ते एकदा आठवा, आणि घरी जाताना आपल्यातलं कोणी मागे राहिलं का ते वळून पाहा. कागदावर सगळे हजर असले तरी पाहा.

आणि शेवटच्या नावानंतर बाई दाराकडे बघत थांबतात ना, तेव्हा हसू नका. नऊ वर्षांची असताना, मैनाबाई वर आली त्या दुपारी, उताराकडे गेलेल्या गर्दीत एकट्या आनंदीने मागे वळून व्हरांड्याकडे पाहिलं होतं.